इंग्रजी शब्दांचीं कुळें

वार्षिकाच्या मराठी विभागांत इंग्रजी शब्दांवरील लेख पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या विद्यार्थ्यांकरितां हा लेख आहे त्यांची विचार करण्याची भाषा मराठी आहे. परकी भाषा शिकतांना जो घोटाळा होतो तो डोक्यांत मराठींतच होतो. तेव्हां त्याचा उलगडाही मराठींतच झालेला बरा. शिवाय पुढें सांगावयाच्या कित्येक गोष्टींची किल्ली आपल्या मराठी व संस्कृत शब्दांतच सांपडते, असा माझा अनुभव आहे.

प्रथम एक कबुली देतों. कांहीं वर्षांपूर्वीं मी इयत्ता नववीच्या एका वर्गास इंग्रजी शिकवीत असें. एके दिवशीं धड्याचें वाचन चाललें असतां एका विद्यार्थ्यानें 'ठरविणें' या अर्थाचा 'डिटर्मिन' हा शब्द 'डिटरमाइन' असा वाचला. सारा वर्ग हंसला. आणि खरें सांगावयाचें तर त्या हंसण्यांत मीही सामील झालों. नंतर मीं त्याचा उच्चार सुधारला. तो मुलगा खालीं बसला नाहीं. त्यानें विचारलें, "सर, मग 'डिफाइन' कां? 'कंबाइन' कां? शेवटीं आय्, एन्, ई हींच अक्षरें तेथेंही आहेत ना?" मजजवळ उत्तर नव्हतें. "इंग्रजी भाषा असलीच आहे, पाठ कर," असें म्हणून मीं पुढच्या मुलास वाचावयास सांगितलें. त्या दिवसापासून वर्ष संपेपर्यंत त्या मुलानें माझ्या तासाला आपण होऊन तोंड उघडलें नाहीं.

पुढें त्या प्रश्नाचें उत्तर मला मिळालें, व तें या लेखांत यथावकाश येईल. परंतु येथें सांगावयाचें तें हें कीं, त्या दिवशीं वर्गांत सर्वांत अधिक डोकें चालविलें होतें तें त्या मुलानेंच. ज्यांनीं शब्द ऐकून पाठ केला होता ते बरोबर वाचते. यानें ओळखीच्या शब्दांवरून अनोळखी शब्दाचा अंदाज बांधिला, म्हणून तो चुकला. अशा मुलास आम्हीं हंसलों व गप्प बसविलें. 'इंग्रजी भाषा असलीच आहे' हें उत्तर आमच्या शाळाशाळांतून रोज दिलें जातें. तें बहुतेक ठिकाणीं खोटें आहे, आणि त्यानें जितकीं मुलें मुकीं केलीं तितकीं कोणत्याही कठीण परीक्षेनें केलीं नसतील, असें माझें मत झालें आहे. इंग्रजी शब्द सुटा सुटा पाठ करावयाची वस्तु नव्हे. त्याला कूळ असतें, भाऊबंद असतात. आणि त्या भाऊबंदांच्या संगतींत ठेवला म्हणजे त्याचा अर्थ व उच्चार हे दोन्ही बहुतांशीं समजुतीनें लक्षांत राहतात.

आपली प्रचलित पद्धति कशी आहे पहा. शब्दवहीच्या पानावर मधोमध रेघ मारावयाची. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, आणि शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनें देवनागरींत उच्चार. एका पानावर वीस शब्द. त्यांत 'फोटोग्राफ' जूनमध्यें येतो, 'फोटोग्राफर' दिवाळीनंतर येतो, आणि दोघांची एकमेकांशीं भेट होत नाहीं. मराठींत आपण असें करतों काय? 'हृ' या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार हे शब्द निघाले, हें संस्कृतच्या पहिल्याच वर्षीं कळतें आणि मुलांस त्याची मौज वाटते. एक धातु ओळखीचा झाला कीं दहा शब्द घरचे होतात. मग इंग्रजींतच प्रत्येक शब्द पोरका कां मानावा?

इंग्रजीचीं कुळेंही अशींच बांधलेलीं आहेत. 'लिहिणें' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून 'डिस्क्राइब', 'प्रिस्क्राइब', 'सबस्क्राइब', 'इन्स्क्राइब' हीं क्रियापदें निघालीं. पहिल्यानें वर्णन लिहावयाचें, दुसऱ्यानें औषध लिहून द्यावयाचें, तिसऱ्यानें कागदाच्या खालीं नांव घालून वर्गणीदार व्हावयाचें, चौथ्यानें दगडावर वा धातूवर कोरावयाचें. चौघांचीं नामें करा: 'डिस्क्रिप्शन', 'प्रिस्क्रिप्शन', 'सबस्क्रिप्शन', 'इन्स्क्रिप्शन'. चारही ठिकाणीं 'आइ' चा ऱ्हस्व 'इ' झाला आणि 'ब' चा 'प' झाला. एक नियम, आठ शब्द. हे आठ शब्द आठ निरनिराळ्या पानांवर पाठ करणारा विद्यार्थी आठपट श्रम करतो व चौथा हिस्साही लक्षांत ठेवीत नाहीं.

आतां हा 'आइ' चा 'इ' कां होतो, हें पाहूं. 'वाइड' म्हणजे रुंद, पण 'विड्थ' म्हणजे रुंदी. 'वाइज' म्हणजे शहाणा, पण 'विज्डम' म्हणजे शहाणपण. 'चाइल्ड' एक, पण 'चिल्ड्रन' अनेक. 'ख्राइस्ट' हें प्रभूचें नांव, पण त्याच्या जन्माचा सण 'ख्रिसमस'. मुलांना हा सारा लहरीपणा वाटतो. परंतु मराठी मुलाला तो वाटावयास नको. कारण त्याच्या भाषेंत हेंच रोज घडतें. 'तीळ' दीर्घ, पण 'तिळाचा' ऱ्हस्व. 'मूल' दीर्घ, पण 'मुलें' ऱ्हस्व. 'फूल' दीर्घ, पण 'फुलांचा' ऱ्हस्व. शब्दाला शेंपूट लागलें कीं मूळचा दीर्घ स्वर आंखडतो. इंग्रजींतही शेंपटाच्या भारानें किंवा पुढें आलेल्या जोडव्यंजनानें अनेक ठिकाणीं स्वर असाच आंखडला.

येथपर्यंत इंग्रजी व मराठी यांचें जमतें. फरक पुढें पडला. सुमारें इ. स. 1400 ते 1700 या तीन शतकांत इंग्लंडांत सर्व दीर्घ स्वरांचे उच्चार एकामागून एक सरकले. दीर्घ 'ई' चा 'आइ' झाला, दीर्घ 'ए' चा 'ई' झाला, दीर्घ 'ऊ' चा 'आउ' झाला. डेन्मार्कचे भाषापंडित ऑटो येस्पर्सन यांनीं या घडामोडीस 'महान् स्वरांतर' या अर्थाचें नांव दिलें आहे. ऱ्हस्व स्वर मात्र त्या लाटेंत सांपडले नाहींत. म्हणून पूर्वीं ज्या दोन शब्दांत केवळ ऱ्हस्वदीर्घाचा भेद होता ते आज दोन निराळ्या स्वरांचे भासतात. समजा, पुढील कांहीं पिढ्यांत मराठींतील प्रत्येक दीर्घ 'ई' चा 'आइ' झाला. तर 'तीळ' याचें 'ताइळ' होईल, पण 'तिळाचा' आहे तसाच राहील. आणि त्या काळचा एखादा परकी विद्यार्थी कपाळाला हात लावून म्हणेल, 'काय ही मराठी भाषा!' आपण आज इंग्रजीविषयीं हेंच म्हणत असतों. 'कीप' व 'केप्ट', 'डीप' व 'डेप्थ', 'साउथ' व 'सदर्न' या जोड्या याच न्यायानें समजाव्यात. शेवटच्या जोडींतील ऱ्हस्व 'उ' मागाहून 'अ' कडे झुकला, इतकेंच.

दुसरी तक्रार असते ती मुक्या अक्षरांची. लिहावयाचें पण उच्चारावयाचें नाहीं, हा काय न्याय, असें मुलें विचारतात. प्रश्न योग्य आहे. उत्तरासाठीं 'जाणणें' या अर्थाचा 'नो' हा शब्द घेऊं. त्याच्या आरंभीं 'के' हें अक्षर लिहितात व उच्चारीत नाहींत. 'गुडघा' या अर्थाच्या 'नी' या शब्दाचीही तीच स्थिति. हें 'के' निष्कारण बसलेलें नाहीं. प्राचीन इंग्रज लोक तें स्पष्ट उच्चारीत. विल्यम कॅक्स्टन यानें 1476 सालीं वेस्टमिन्स्टर येथें इंग्लंडांतील पहिला छापखाना घातला तेव्हांही त्याचा उच्चार होत होता. छापखान्यामुळें शब्दांचें लेखन हळूहळू कायम झालें आणि त्यानंतर, सतराव्या शतकाच्या सुमारास, जिभेनें तें अक्षर सोडून दिलें. जर्मन लोक गुडघ्यास आजही 'क्नी' असें 'क' सुद्धां म्हणतात.

आतां आपल्या घरांत डोकावून पहा. संस्कृतांत 'जाणणें' याचा धातु 'ज्ञा', आणि गुडघ्याला शब्द 'जानु'. ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोंचतात त्याला आपण 'आजानुबाहु' म्हणतों. सर विल्यम जोन्स यांनीं 1786 सालीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानांत संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एका मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात असें मत मांडिलें. पुढें याकोब ग्रिम यांनीं 1822 सालीं या कुळांतील व्यंजनें कोणत्या नियमानें बदलतात हें विस्तारानें दाखविलें. त्या नियमांप्रमाणें संस्कृतांतील 'ज' च्या जागीं लॅटिनमध्यें 'ग' व इंग्रजींत 'क' अनेक ठिकाणीं येतो. तेव्हां 'नो' मधील मुकें 'के' म्हणजे 'ज्ञा' मधील 'ज' चा भाऊ, आणि 'नी' मधील मुकें 'के' म्हणजे 'जानु' मधील 'ज' चा भाऊ होय. लॅटिनच्या वाटेनें इंग्रजींत आलेल्या 'रेकग्नाइझ' म्हणजे ओळखणें, व 'इग्नरंट' म्हणजे अजाण, या शब्दांत तोच भाऊ 'ग' होऊन अजून बोलतो. 'इग्नरंट' व आपला 'अज्ञ' हे तर घडणीनें सख्खे चुलतभाऊ आहेत. नकाराचा उपसर्ग व जाणण्याचा धातु, दोन्ही एकाच घरचे. हें एकदां कळलेला विद्यार्थी 'नॉलेज' लिहितांना आरंभींचें 'के' विसरेल, असें मला वाटत नाहीं.

दुसऱ्या प्रकारचीं मुकीं अक्षरें एका जागीं मुकीं असलीं तरी कुळांतल्या दुसऱ्या शब्दांत बोलतात. 'साइन' म्हणजे सही करणें. त्यांतील 'जी' मुकें. पण 'सिग्नेचर' व 'सिग्नल' म्हणा, तें लगेच बोलूं लागतें. 'बॉम्ब' या शब्दाच्या शेवटचें 'बी' वास्तविक मुकें आहे व खरा उच्चार 'बॉम' असा आहे. पण 'बॉम्बार्ड' या क्रियापदांत तें ऐकूं येतें. 'ऑटम' म्हणजे शरदृतु, त्याच्या शेवटचें 'एन्' मुकें; 'ऑटम्नल' या विशेषणांत तें प्रकट होतें. 'मसल' म्हणजे स्नायु, त्यांतील 'सी' मुकें; 'मस्क्युलर' मध्यें तें 'क' होऊन बोलतें. देवनागरी लिपि ध्वनि लिहिते, हा तिचा गुण आहे. इंग्रजी लेखन पुष्कळ वेळां ध्वनि सोडून नातें लिहितें. 'साइन' मधील 'जी' काढून टाकलें तर मुलांचे पाठांतराचे श्रम वांचतील, पण 'सिग्नेचर' शीं त्याचें नातें तुटेल.

अर्थात् इंग्रजी लेखनांतील प्रत्येक मुकें अक्षर असें साधार आहे, असें म्हणणें खरें होणार नाहीं. 'डेट' म्हणजे कर्ज, या शब्दांत जें 'बी' आहे तें इंग्रजांच्या तोंडीं कधींच नव्हतें. हा शब्द त्यांनीं फ्रेंचमधून 'बी' वांचूनच घेतला; मागाहून विद्वानांनीं लॅटिन मूळ दाखविण्याच्या हौसेनें तें घातलें. तरीही त्या हौसेचा आपणांस उपयोग आहे, कारण बँकेच्या पासबुकांतील 'डेबिट' त्याच कुळांतला आहे. 'आयलंड' म्हणजे बेट, या शब्दांतील 'एस्' मात्र निव्वळ चुकीनें शिरला. लॅटिन मुळापासून आलेल्या 'आइल' या दुसऱ्या शब्दाशीं त्याचें नातें आहे अशी गैरसमजूत झाली आणि चूक कायम झाली. अशा ठिकाणीं शिक्षकानें सरळ सांगावें कीं ही चूक आहे व ती पाठच केली पाहिजे. खरें उत्तर, मग तें 'चूक' असें कां असेना, 'असलीच आहे' या उत्तराहून शतपटीनें चांगलें.

आतां उच्चारांतील सर्वांत महत्त्वाच्या व आपल्याकडे सर्वांत उपेक्षित अशा गोष्टीकडे वळूं. ती म्हणजे आघात. मराठी कान मात्रा मोजतो. आपलीं वृत्तें लघुगुरूंवर चालतात. कोणत्या अक्षरावर जोर दिला यानें मराठी शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाहीं. इंग्रजी कान जोर मोजतो. त्यांची कविताही आघातांवर चालते. एकाहून अधिक अवयवांच्या प्रत्येक शब्दांत एक अवयव ठणकावून उच्चारावयाचा, व बाकीच्यांचे स्वर बहुधा अर्धवट गिळावयाचे, अशी त्या भाषेची चाल आहे. आपण देवनागरींत डोक्यावर जो उच्चार लिहितों त्यांत हा आघात कोठेंच नसतो. अक्षरें सारीं बरोबर, पण सर्वांना समान जोर. त्यामुळें शब्द बरोबर उच्चारूनही परक्या माणसास तो समजत नाहीं.

'फोटोग्राफ' याच शब्दाचें कूळ घ्या. 'फोटोग्राफ' मध्यें आघात पहिल्या 'फो' वर. त्याचा कर्ता झाला कीं आघात एक घर पुढें सरकतो व 'टॉ' वर बसतो. उच्चार साधारण 'फटॉग्रफर' असा होतो. विशेषण झालें कीं तो आणखी एक घर पुढें जाऊन 'ग्रॅ' वर बसतो; 'फोटग्रॅफिक'. आघात जेथें बसेल तेथील स्वर ठळक व शेजारचे फिके. 'डेमोक्रॅट', 'डिमॉक्रसी', 'डेमोक्रॅटिक' या त्रयीची चालही हुबेहूब हीच. एक चाल समजली कीं दुसरी आपोआप समजते.

हा आघात कोठें बसेल याचेही कांहीं नियम आहेत. ज्या शब्दाच्या शेवटीं 'शन' हा उच्चार होणारा प्रत्यय असतो त्यांत आघात त्या प्रत्ययाच्या लगेच आधींच्या अवयवावर येतो. 'एज्युकेशन' मध्यें 'के', 'इन्फर्मेशन' मध्यें 'मे', 'एक्झॅमिनेशन' मध्यें 'ने'. 'इटी' प्रत्ययाचेंही तसेंच: 'अबिलिटी' मध्यें 'बि', 'इलेक्ट्रिसिटी' मध्यें 'ट्रि'. 'इक' प्रत्ययाचें बहुतांशीं तसेंच: 'हिस्टॉरिक' मध्यें 'टॉ', 'सायंटिफिक' मध्यें 'टि'. 'पॉलिटिक्स', 'अॅरेबिक', 'कॅथलिक' असे थोडके शब्द मात्र याला अपवाद आहेत व ते लक्षांत ठेवावे. त्याचप्रमाणें दोन अवयवांचे कित्येक शब्द नाम व क्रियापद अशा दोन्ही रूपांनीं येतात. तेथें नामांत आघात पहिल्या अवयवावर व क्रियापदांत दुसऱ्यावर. 'रेकॉर्ड' म्हणजे नोंद, आघात 'रे' वर. 'रिकॉर्ड' म्हणजे नोंद करणें, आघात 'कॉर्ड' वर. 'एक्स्पोर्ट', 'इन्सल्ट', 'पर्मिट' या शब्दांचेंही असेंच आहे. लेखन एकच, पण आघातानें शब्दाची जात बदलते.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर देतां येतें. 'डिफाइन', 'कंबाइन', 'डिक्लाइन' या शब्दांत आघात शेवटच्या अवयवावर आहे. म्हणून तेथील स्वर पूर्ण उमलून 'आइन' असा होतो. 'डिटर्मिन' मध्यें आघात मधल्या 'टर्' वर आहे, म्हणून शेवटचा स्वर आंखडून 'इन' एवढाच उरतो. 'एक्झॅमिन', 'इमॅजिन', 'एंजिन', 'फॅमिन', 'डिसिप्लिन' हे सारे त्याच्याच पंक्तीला बसणारे. 'मशीन' व 'रूटीन' हे फ्रेंच भाषेतून आलेले पाहुणे तिकडचा 'ईन' घेऊन आले. आणि 'व्हॅलेंटाइन' सारखे कांहीं शब्द या नियमास जुमानीत नाहींत. परंतु नियम आहे, व तो दोन मिनिटांत फळ्यावर लिहितां आला असता. जो प्रश्न विचारल्याबद्दल त्या मुलाची पाठ थोपटावयाची, त्याच प्रश्नावर मीं त्याला गप्प बसविलें.

उच्चाराइतकाच अर्थाचाही विचार कुळानेंच करावा. एका कुळांतले शब्द दिसावयास सारखे असले तरी प्रत्ययानें त्यांचे अर्थ फार दूर जातात. रजेच्या अर्जावर पुष्कळ मुलें 'रिस्पेक्टेबल सर' असें लिहितात. 'रिस्पेक्टफुल' म्हणजे दुसऱ्यास मान देणारा, 'रिस्पेक्टेबल' म्हणजे समाजांत प्रतिष्ठित, 'रिस्पेक्टेड' म्हणजे ज्याला मान दिला जातो तो, आणि 'रिस्पेक्टिव्ह' म्हणजे केवळ 'ज्याचा त्याचा'. अर्जावर तिसरा शब्द हवा. एका मुलानें आपल्या चांगुलपणाचें वर्णन करतांना आपण 'इंडस्ट्रियल' विद्यार्थी आहों असें लिहिलें होतें. त्याला म्हणावयाचें होतें 'इंडस्ट्रिअस'. मराठींत पहा: 'उद्योगी' व 'औद्योगिक' या दोन शब्दांत कोणी मूल गोंधळ करीत नाहीं. इंग्रजी जोडी याच मराठी जोडीशेजारीं लिहून दाखविली असती तर तो अर्ज हंसण्यावारी गेला नसता. 'इकॉनॉमिक' म्हणजे आर्थिक व 'इकॉनॉमिकल' म्हणजे काटकसरीचा. 15 ऑगस्ट 1947 हा दिवस 'हिस्टॉरिक', कारण त्यानें इतिहास घडविला. हरिभाऊ आपट्यांची 'उषःकाल' ही कादंबरी 'हिस्टॉरिकल', कारण तिचा विषय इतिहास आहे. कधीं शेवटच्या एका ध्वनीनेंही काम होतें: 'अॅडव्हाइस' म्हणजे सल्ला, 'अॅडव्हाइझ' म्हणजे सल्ला देणें, 'ब्रेथ' म्हणजे श्वास, 'ब्रीद' म्हणजे श्वास घेणें. नामांत ध्वनि अघोष व क्रियापदांत घोष, अशी ही जोडी ओळखून ठेवावी.

यावर दोन आक्षेप येतील हें मला ठाऊक आहे. पहिला, परीक्षा जवळ आली असतां एवढा पसारा कोणी करावा? उत्तर असें कीं पसारा सुट्या शब्दांचा असतो. कुळ लावलें कीं तो आवरतो. दुसरा आक्षेप असा कीं, आतां घरोघरीं फोन आहेत. शब्द लिहितांच त्याचा उच्चार ऐकूं येतो. मग नियम कशाला? फोनचा उपयोग अवश्य करावा. डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश 1917 सालीं निघाला, तेव्हां तो हातीं असणाऱ्या शिक्षकासही आघाताचीं चिन्हें पाहून उच्चार कल्पनेनेंच बसवावा लागे. आजचा विद्यार्थी तो कानानें ऐकतो, हें त्याचें भाग्य होय. परंतु फोनला एक शब्द विचारला तर तो बहुधा त्याच शब्दाचा उच्चार ऐकवितो. त्या शब्दाचीं भावंडें कोण, हें विचारावयास तीं आहेत हें आधीं ठाऊक असावें लागतें.

म्हणून माझ्या विद्यार्थिमित्रांस तीन सूचना करतों. शब्दवहींत प्रत्येक कुळास एक पान द्या आणि त्यावर नाम, क्रियापद, विशेषण व क्रियाविशेषण असे चार रकाने आंखा. जो रकाना रिकामा राहील तो कोशांत शोधून भरा. देवनागरींत उच्चार लिहावयाचाच असेल तर ज्या अवयवावर आघात येतो त्याच्या खालीं रेघ ओढा. ती रेघ नसेल तर तो उच्चार अपुरा समजा. आणि प्रत्येक शब्दापुढें निव्वळ अर्थ न लिहितां स्वतःच्या घरचें किंवा गांवचें एक वाक्य लिहा. येथें कोणाची साहेबी ऐट आणावयाची नाहीं. स्कॉटलंडचा मनुष्य लंडनच्या माणसासारखें बोलत नाहीं आणि अमेरिकन तर मुळींच नाहीं. आपणही आपल्या वळणानें बोलावें, मात्र ऐकणारास समजेल असें बोलावें.

माझ्या शिक्षकबंधुभगिनींस एकच विनंति आहे. वर्गांत एखादें मूल चुकीचा उच्चार करील तेव्हां तें कोणत्या दुसऱ्या शब्दावरून चुकलें, हें आधीं त्याला विचारावें. बहुधा चुकीच्या मागें एक खरा शब्द उभा असतो. उत्तर ठाऊक नसेल तर 'उद्यां पाहून सांगतों' असें म्हणावें. त्यांत कांहीं कमीपणा नाहीं. आणि वर्ग हंसूं लागला तर आपण त्यांत सामील होऊं नये.

तो विद्यार्थी त्या वर्षाअखेर शाळा सोडून गेला; त्याच्या वडिलांची बदली झाली होती, असें मागाहून कळलें. त्याला उत्तर देण्याचें माझ्याकडून राहून गेलें. हा अंक कोणाच्या तरी हातून त्याच्यापर्यंत पोंचला, तर त्यानें वरील 'डिटर्मिन' चा परिच्छेद वाचावा आणि त्याचा प्रश्न बरोबर होता, एवढें समजून घ्यावें.

— एक शिक्षक